इटॅलिक म्हणजे नुसतं तिरकं अक्षर नव्हे? (परत आलेल्या प्रूफवरून एक प्रश्न)

खणभाग_डीटीपी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न धंद्यातला आहे, पण तीन दिवस डोक्यातून जात नाही म्हणून इथं टाकतोय.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, घटक चाचणीचे पेपर, असली कामं. पुस्तक वर्षातून एखादं. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका निवृत्त सरांचं काम आलं. कासच्या फुलांवरची ६४ पानी पुस्तिका. मजकूर मराठी, फुलाचं मराठी नाव, पुढं कंसात शास्त्रीय नाव रोमन लिपीत. हस्तलिखितात सरांनी प्रत्येक शास्त्रीय नावाखाली पट्टी लावून रेघ मारलेली. मी पण रेघ तशीच ठेवली. सरांचा फोन: "अहो, रेघ म्हणजे तिथं इटॅलिक घ्या अशी खूण असते." बरं. सगळी नावं निवडली, तिरक्या आयचं बटण दाबलं, पाच मिनिटांत काम फत्ते.

परवा प्रूफ परत आलं. हिरव्या शाईत पहिल्याच पानावर: "हे इटॅलिक नाही. हे सरळ उभं अक्षर ढकलून पाडलंय." आणि प्रत्येक नावातल्या स्मॉल ए भोवती बारीक गोल. एकेका पानावर सात-आठ गोल.

आता मला सांगा, तिरकं ते तिरकं. यात ढकललेलं आणि न ढकललेलं असा फरक असतो का? फाँट नेटवरून उतरवलेला एक सेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असलेला) होता, दिसायला झकास, रेग्युलर आणि बोल्ड एवढंच त्यात. सरांना विचारायची लाज वाटते, वय ७५ च्या पुढं आहे आणि फोनवर आवाज अजून वर्गात शिकवल्यासारखा.

---

रोखठोक_मिरजकर

काय ओ, एवढं काय त्यात. गिऱ्हाइकाला कळतंय का? कासला जाणारा माणूस फुलाचा फोटो बघणार, सेल्फी काढणार आणि येताना कंदी पेढे घेणार. स्मॉल ए कोण बघतंय. तसंच छापा.

---

जुळारीकाका

मिरजकर, गिऱ्हाईक बघत नाही, डोळा बघतो. त्याला नाव देता येत नाही एवढंच.

खणभाग, सर बरोबर आहेत. मी १९७१ ते १९९६ सांगलीत खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. आमच्या प्रेसमध्ये इंग्रजीच्या १२ पॉइंटच्या केस (खिळे ठेवायचे खणांचे ट्रे) होत्या, त्यात रोमनच्या, म्हणजे सरळ उभ्या अक्षराच्या, वेगळ्या आणि इटॅलिकच्या वेगळ्या. खिळा शिशाचा, तो काय बटण दाबून वाकत नाही. इटॅलिक पाहिजे तर ते कुणीतरी वेगळं कोरलेलं, वेगळं ओतलेलं असायला लागायचं. त्यामुळं "इटॅलिक म्हणजे तिरकं केलेलं रोमन" असं आमच्या पिढीच्या डोक्यात कधी आलंच नाही. ती दुसरी केस होती. बास.

आता स्मॉल ए बघा. पुस्तकातला सरळ ए दुमजली असतो. वर टोपी, खाली पोट. इटॅलिकमधला ए एकमजली, आपण हातानं काढतो तसा, एक पोट आणि बाजूला काठी. तुमच्या बटणानं दुमजली ए तसाच ठेवून नुसता कलता केला. सरांनी गोल केला तो त्यालाच. असंच एफचं. रोमन एफ ओळीवर उभा राहतो, जुन्या चालीच्या इटॅलिकमध्ये त्याचं शेपूट ओळीच्या खाली उतरतं. ई जास्त गोलसर, के ला कधी गाठ, व्ही-डब्ल्यूचे तळ वळलेले. आणि सगळं अक्षर रोमनपेक्षा अंगानं बारीक. प्रत्येक अक्षराला आत येणारी एक रेघ आणि बाहेर जाणारी एक रेघ, टाक उचलला की नाही कळू नये अशी.

एफची एक गंमत सांगतो. इटॅलिक एफचं डोकं खिळ्याच्या बाहेर लोंबायचं, पुढच्या अक्षराच्या खांद्यावर. त्या लोंबणाऱ्या भागाला कर्न म्हणायचे. फर्मा (जुळवलेलं पान) आवळताना किंवा रोलर फिरताना तेच टोक पहिलं मोडायचं. आमच्या केसमध्ये एफच्या खणात निम्मे खिळे मुंडकं उडालेले. रफार आणि वेलांट्यांची पण हीच तऱ्हा. म्हणून मालकांनी ताकीद दिली होती, इटॅलिकच्या खिळ्यांना चिमटा लावायचा नाही, बोटानं उचलायचं.

आणि खिळे कमी. रोमन भरपूर, इटॅलिक मूठभर. एखाद्या प्राध्यापकानं अख्खा परिच्छेद इटॅलिक मागितला की निम्म्यात ई संपायचा. मग ते पान छापून, खिळे सोडून, परत केसमध्ये भरून पुढचं जुळवायचं.

२०१९ च्या पुरात त्या प्रेसच्या तळघरातल्या केस बुडाल्या. लाकूड फुगलं, खणांत गाळ. चार दिवसांनी गेलो तेव्हा मालकांच्या नातवानं बादलीभर खिळे धुऊन काढले होते. त्यातला एक इटॅलिक एफ आज माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. कर्न शाबूत.

---

कृष्णाकाठ

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला पाहिजे. वाचनखूण साठवली.

---

टाकदौत

काकांनी कारागिरी सांगितली, मी थोडा मागचा इतिहास जोडतो. "दुसरी केस" हे जे ते म्हणतायत ना, त्याचं कारण ५०० वर्षं जुनं आहे.

इटॅलिक जन्मलं तेव्हा ते रोमनचं जोडीदार नव्हतंच. व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियस नावाचा विद्वान छापखानेवाला होता. त्याच्यासाठी बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिफो या कोरक्यानं हे वळण कोरलं. १५०० साली सिएनाच्या कॅथरीनच्या पत्रांच्या पुस्तकात एका चित्रात त्यातले चार-पाच शब्द आले, आणि १५०१ मध्ये लॅटिन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापलं गेलं. जोर द्यायला नाही, परदेशी शब्दाला नाही, सगळं पुस्तकच इटॅलिकमध्ये. हातात मावेल अशा लहान आकाराचं.

वळण आलं कुठून? त्या काळचे इटालियन विद्वान स्वतःच्या वहीत ज्या वेगवान हातानं लिहायचे, त्यातून. फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोलीचं हस्ताक्षर त्याचा आद्य नमुना मानतात. म्हणजे रोमन हे सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलेलं, आणि इटॅलिक हे घाईत, टाक न उचलता. इटॅलिक तिरकं आहे कारण हात पळतोय. हात पळतोय म्हणूनच ए ची टोपी गेली, एफ खाली घसरला. तिरकेपणा हा त्या वेगाचा परिणाम आहे. तुम्ही बटण दाबलं तेव्हा परिणाम आला, वेग आला नाही.

मजा म्हणजे ग्रिफोच्या इटॅलिकला तिरकी कॅपिटल अक्षरं नव्हतीच. वाक्याच्या सुरुवातीला सरळ, बुटकी कॅपिटल उभी आणि मागं सगळी ओळ कललेली. तिरकी कॅपिटलं पुढच्या दशकांत इतरांनी आणली. इटॅलिक कागद वाचवायला काढलं असं बरेच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. कागद वाचवायचा तर अक्षर लहान करायचं. हे वाचणाऱ्याच्या ओळखीचं हस्ताक्षर होतं, ते खरं.

आल्डसनं पहिल्या पुस्तकात ग्रिफोची स्तुती छापली, आणि १५०२ मध्ये त्या वळणाचा मक्ता व्हेनिसच्या सरकारकडून स्वतःच्या नावावर करून घेतला. कोरणाऱ्याच्या हातात काही नाही. ग्रिफो भांडून निघून गेला. फ्रान्सच्या लियॉंमधल्या लोकांनी तोवर नकला छापायला सुरुवात केलीच होती. शेवटी १५१६ मध्ये बोलोन्यात ग्रिफोवर जावयाचा खून केल्याचा आरोप आला, लोखंडी कांबीनं. १५१८ नंतर त्याचा पत्ता नाही. (अवांतर: ज्यानं जगाला सगळ्यात नाजूक वळण दिलं त्याचा शेवट कांबीवर. असो.)

---

रोखठोक_मिरजकर

ते ठीक ओ, पण इंग्रजी पुस्तकात एका ओळीत रोमन आणि मध्येच एक शब्द इटॅलिक, हे कधीपासून?

---

टाकदौत

सोळाव्या शतकाच्या मध्याला, फ्रान्सकडे. तोवर दोन्ही वळणं आपापल्या पुस्तकात सुखी होती. मग रोमनमधल्या मजकुरात प्रस्तावना, अवतरण, नावं यांना इटॅलिक लावू लागले आणि हळूहळू दोघांचं लग्न लागलं. लग्न ठरवलेलं, त्यामुळं जुळवून घ्यायला वेळ लागला. रोबेर ग्रांझों हा त्यातला सगळ्यात मोठा कारागीर. आज "गॅरामंड" नावानं जे वापरतात त्यातल्या अनेकांचं रोमन फ्रेंच कोरक्या क्लोद गॅरामंडचं (मृत्यू १५६१) आणि इटॅलिक ग्रांझोंचं असतं. रॉबर्ट स्लिम्बाखनं १९८९ मध्ये केलेला ॲडोबी गॅरामंड घ्या, त्यात तसंच केलंय. म्हणजे एकाच फाँटमध्ये दोन माणसं आहेत.

आणि वर्डमधलं जे "गॅरामंड" आहे ते गॅरामंडचं नाहीच. ते झां जानों नावाच्या, गॅरामंडनंतर साठ वर्षांनी काम केलेल्या माणसाच्या खिळ्यांवरून आहे. बराच काळ लोक त्याला गॅरामंड समजत होते. १९२६ मध्ये बिअ‍ॅट्रिस वॉर्ड या अमेरिकन बाईंनी "पॉल बोझों" या पुरुषी टोपणनावानं लेख लिहून हा घोळ उलगडला. नाव मात्र अजून तेच चालू आहे.

---

वायतुरा_सातारा

नमस्कार. आमच्या चिरंजीवांनी हा धागा दाखवला. हिरव्या शाईवाला तो मीच.

खणभाग, लाज कसली? विचारायचं होतंत की. आणि ७५ नाही, ७८.

शास्त्रीय नावं इटॅलिकमध्ये का, एवढं लिहितो. प्रजातीचं नाव दोन शब्दांचं आणि लॅटिन धाटणीचं. पहिल्या शब्दाचं आद्याक्षर कॅपिटल, दुसरा शब्द सगळा स्मॉल. इटॅलिक केलं की वाचणाऱ्याला नाव कुठं सुरू आणि कुठं संपतं ते न वाचताच दिसतं. नाव ठेवणाऱ्या संशोधकाचं नाव मागं येतं ते सरळ. "व्हार" म्हणजे उपप्रकार, तेही सरळ. अशानं एका ओळीत कोण फूल आणि कोण माणूस हे वेगळं पडतं. अगदी कडक नियम म्हणाल तर वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता इटॅलिकची सक्ती करत नाही, ती प्रकाशकाच्या शैलीवर सोडते. पण स्वतः मात्र इटॅलिक वापरते, आणि सगळं जग तेच करतं.

हातानं लिहिताना इटॅलिक करता येत नाही म्हणून खाली रेघ. टंकलेखन यंत्रावरही तेच. ती खूण छापखान्यासाठी असते. तुम्ही रेघ छापलीत तेव्हा मी अर्धा दिवस हसत होतो.

आता ए भोवती गोल का. कासवर पाण्याच्या डबक्यात एक फूल येतं, वायतुरा. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याच्या नावावरून. त्या दुसऱ्या शब्दात दोन स्मॉल ए येतात. पुस्तकात ते नाव सतरा वेळा आलंय. आमच्या गावाचं नाव एका फुलाच्या अंगावर आहे, ते तरी नीट उभं... म्हणजे नीट तिरकं असावं, एवढीच इच्छा.

---

खणभाग_डीटीपी

सर, पाया पडतो. मला वाटलं तुम्ही रागावलात.

काल रात्री दुकानात भिंग घेऊन बसलो. जुन्या फाँटचं ढकललेलं एक ओ आणि टाइम्स न्यू रोमनच्या खऱ्या इटॅलिकचं एक ओ, दोन्ही १०० पॉइंटला शेजारी ठेवले. ढकललेल्या ओ चा वरचा उजवा कोपरा ताणल्यासारखा, जाडी भलतीकडेच गेलेली. कुणीतरी चेंडूवर बसल्यासारखा. खऱ्याचा ओ लांबट, अंडाकृती, पण जाड-बारीक बरोबर जागी. एकदा दिसल्यावर आता सगळीकडे दिसतंय. काल मारुती रोडवर एका दुकानाच्या पाटीवर दिसलं आणि मोटरसायकल थांबवून बघत उभा राहिलो. आता बायको म्हणते डोळे तपासून घ्या.

---

जुळारीकाका

आता झोप गेली तुमची. 😀

---

गणितबाई_इस्लामपूर

आमच्या विषयाचं कुणी बोललं नाही म्हणून. गणित-विज्ञानात चल इटॅलिकमध्ये, एकक सरळ. स्मॉल एम इटॅलिक असेल तर ते वस्तुमान, सरळ असेल तर मीटर. साइन, लॉग हे सरळ. मुलांना हे शिकवत नाहीत पण मुलं नकळत शिकतात, कारण चांगल्या पुस्तकात कायम तसं असतं.

गेल्या वर्षी एका ठिकाणी छापलेल्या सराव पेपरात सगळंच तिरकं करून ठेवलं होतं, एककांसकट. एका मुलीनं "५ एम" हे पाच गुणिले वस्तुमान धरून उत्तर काढलं. चूक तिची नव्हती. मी गुण दिले.

---

रोखठोक_मिरजकर

आता खरं भांडण काढतो. सरांचा मजकूर मराठी. रोमनचं झालं, मराठीचं काय? वर्डमध्ये मराठी शब्द निवडून आय दाबला की तो पण तिरका होतोच. मग मराठीला इटॅलिक आहे का नाही? आणि नसेल तर का नाही, आपण काय कमी आहे?

---

टाकदौत

मराठी तिरकी होते म्हणजे तिथंही कॉम्प्युटर ढकलतोच. विंडोजबरोबर बरीच वर्षं आलेला मंगल फाँट घ्या, अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केलेला. त्यात वेगळं इटॅलिक नाही. बटण दाबलं की मशीन कलवतं.

आणि देवनागरी कललेली वाईट का दिसते, तर शिरोरेघ. ती आडवी, ती कलत नाही. खाली काने, दांडे सगळे कलतात. वाळत घातलेल्या धोतरांच्या दोरीसारखं होतं: दोरी सरळ, धोतरं वाऱ्यानं एकीकडे. वर वेलांटी आणि रफार पुढच्या अक्षरावर सरकतात. शिवाय बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट तिरका, त्यामुळं आपल्या अक्षरातली जाडी उलट्या कर्णावर असते. उजवीकडे कलवलं की ती जाडी आणि तो कल एकमेकांशी भांडतात.

नव्या फाँटांपैकी तिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो. त्यात वेगळं इटॅलिक दिलंय आणि मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पाकळीचा ल, देठाचा श, २००९ च्या शासन निर्णयात सांगितलेत तसे. बघायला हरकत नाही. पण मला विचाराल तर पुस्तकात वापरणार नाही.

---

मोडीवेडा

थांबा. मराठीला इटॅलिक नाही हे कुणी ठरवलं? मोडी काय आहे मग?

टाकदौत यांची वाक्यं परत वाचा: एक वळण सावकाश, सुटं, दुसरं घाईतलं, टाक न उचलता. बालबोध (आपली नेहमीची देवनागरी) आणि मोडी. पोथी बालबोधात, हिशेब-फर्मानं मोडीत. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली सलग लिहीत सुटायचा. साताऱ्याच्या राजधानीचा सगळा कारभार त्या हातानं चालला. आणि मोडी छापलीही गेली. बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) मिशनरी विल्यम केरीनं १८१० चा मराठी कोश मोडी टाइपमध्ये छापला. आता २०१४ पासून युनिकोडमध्येही आहे.

इटलीच्या लोकांनी त्यांच्या मोडीला पुस्तकात आणलं. आपण आपल्या इटॅलिकला दप्तरात कोंडलं.

---

वायतुरा_सातारा

मोडीवेडा, तुलना सुंदर आहे, निम्मी. माझे आजोबा मोडी लिहीत, मला अर्धवट येते. पण इटॅलिक आणि रोमन एका ओळीत बसतात कारण एकच वाचणारा दोन्ही न अडखळता वाचतो. माझ्या पुस्तिकेत मी "वायतुरा" मोडीत घातला तर कासच्या फाटकावरचा तिकीटवाला मला विचारील, हे काय कानडी आहे का?

---

मोडीवेडा

मान्य, आज नाही वाचत. ती आपली करणी. अक्षराची नाही.

(आणि सर, या भागात ती अक्षरं तांब्यावर कोरणारे लोक होते हे विसरू नका. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली होती. खिळे नाहीत, अख्खं पान कोरलेलं. तिथं मोडी कोरायला कुणाचा हात धरला होता? पण कोरली बालबोधच. का? पोथी म्हणून. सवयीचा प्रश्न.)

---

रोखठोक_मिरजकर

१८०५ ला मिरजेत? हे मला ५२ वर्षं मिरजेत राहून म्हाईत नव्हतं. वरचे सगळे वाकडे प्रतिसाद मागं घेतो.

---

कऱ्हाडची_सुमन

मी भाषांतराचं काम करते, म्हणून दुसऱ्या टोकानं बोलते.

इंग्रजी कादंबरीत इटॅलिक सर्वांत जास्त कशाला येतं, माहितीये? आवाजाला. "मी सांगितलं नव्हतं" या वाक्यात इंग्रजी लेखक "मी" ला इटॅलिक करतो, म्हणजे वाचताना त्यावर जोर. सुरुवातीला मी पण मराठीत तो शब्द तिरका करायचे. मग एका संपादक बाईंनी माझ्या हस्तलिखितातले सगळे तिरके शब्द खोडले आणि प्रत्येकाच्या मागं एक अक्षर लिहिलं: च.

"मीच सांगितलं नव्हतं" नव्हे हं, तिथं अर्थ बदलतो. तिथं त्यांनी "मी नव्हतं सांगितलं" केलं. कुठं "च", कुठं "तर", कुठं "ही", कुठं नुसता शब्द हलवला. "तू येणार आहेस?" आणि "येणार आहेस तू?" यात इंग्रजीला इटॅलिक लागेल, आपल्याला लागत नाही. दोनशे पानांत एकही तिरका शब्द उरला नाही आणि एकही जोर हरवला नाही.

म्हणून देवनागरीला इटॅलिक नाही याचं मला दुःख होत नाही. निम्मं काम भाषा करते. पुस्तकाच्या नावाला एकेरी अवतरण चिन्ह करतं.

---

टाकदौत

सुमनताई, क्या बात है. हे मी कुठंच वाचलं नव्हतं.

जोडून एक: जर्मन लोक जोर द्यायला अक्षरांत अंतर टाकायचे. मराठीत तेही चालत नाही, अंतर टाकलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द फुटक्या पाटीसारखा दिसतो. आपल्याकडे ठळक, अवतरण, फाँट बदल, आणि च.

---

जुळारीकाका

ठळक जपून. आमच्या वेळी ठळकला "काळा टाइप" म्हणायचे. निर्णयसागरचा काळा टाइप पानावर चार ठिकाणी पडला की पानाला गोवर उठल्यासारखं दिसायचं. इटॅलिकचं भारी काय, तर ते पानाचा रंग बदलत नाही. वाचताना जाणवतं, लांबून बघताना दिसत नाही. बोल्ड लांबूनच दिसतं. सरांच्या पुस्तकात शास्त्रीय नाव बोल्ड करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

---

लग्नसराई

आमच्या पत्रिकेच्या धंद्याचं पण घ्या. इंग्रजी पत्रिका म्हटलं की मोनोटाइप कॉर्सिव्हा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत दुसरा फाँट नसावा अशी स्थिती.

---

टाकदौत

कॉर्सिव्हाचे पूर्वज मोठे आहेत हं! लुदोव्हिको आरिगी, रोममध्ये पोपच्या दप्तरातला लेखनिक. १५२२ ची तारीख असलेली त्याची हस्ताक्षराची पुस्तिका, युरोपातली त्या वळणाची पहिली छापील शिकवणी. त्यावरून १९९१ मध्ये पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी कॉर्सिव्हा केला. पोपच्या कारकुनाच्या अक्षरात आपण "सहकुटुंब सहपरिवार" अगत्य येण्याचं करतो.

एकच विनंती, त्यात अख्खा शब्द कॅपिटलमध्ये लावू नका. ती कॅपिटलं मिरवणुकीत एकट्यानं चालायला केलेली आहेत. सहा एकत्र आली की एकमेकींचे पदर पायात येतात.

---

लग्नसराई

वधूचं नाव नेहमी कॅपिटलमध्येच पाहिजे असतं ओ मुलीच्या वडिलांना. काय सांगू.

---

कृष्णाकाठ

सगळे इटॅलिकचं कौतुक करतायत, कुणी विरोधक नव्हता का कधी?

---

टाकदौत

होता की, आणि साधासुधा नव्हे. स्टॅन्ली मॉरिसन, इंग्लंडमधला टाइपचा मोठा जाणकार. १९२६ मध्ये त्यानं लिहिलं की इटॅलिकनं रोमनच्या फार जवळ यावं, जवळजवळ तिरकं रोमनच असावं, म्हणजे पानात खटकणार नाही. म्हणजे खणभागांचं बटण त्यानं तत्त्व म्हणून मांडलं! डच यान व्हान क्रिम्पेननं १९३१ मध्ये रोम्युलस नावाचा टाइप खरोखर तसा करून बघितला. दिसायला शिस्तीचा, पण वाचताना त्यातला तिरका शब्द आला कधी आणि गेला कधी कळत नाही. मॉरिसननं स्वतः "द टाइम्स" वर्तमानपत्रासाठी टाइम्स न्यू रोमन करवला, ३ ऑक्टोबर १९३२ पासून ते पेपर त्यात निघालं, आणि त्याचं इटॅलिक मुकाट्यानं जुन्या चालीचं घेतलं. एकमजली ए सकट.

---

खणभाग_डीटीपी

मंडळी, अपडेट.

सरांशी बोलून ईबी गॅरामंड घेतला. फुकट, उघडा परवाना, गेऑर्ग डुफनरनं सुरू केलेला, इटॅलिक खरं आणि वेगळं. पहिली अडचण आकाराची: मराठी १४ पॉइंटला आणि गॅरामंड पण १४ ला ठेवला की कंसातलं नाव मराठीच्या डोक्यावर बसतं. उतरवत उतरवत ११.५ ला आणलं. आता शिरोरेघेच्या खाली गुमान बसतंय. वायतुऱ्याचे दोन्ही ए एकमजली. मी स्वतः भिंगानं बघितले.

दुसरं प्रूफ काल एसटीनं पाठवलं, आज फोटो आला. हिरवी शाई फक्त एकाच पानावर. पण एका कंसाभोवती गोल, आणि बाजूला: "उघडणारा कंस तिरका, मिटणारा सरळ. का?"

बघितलं. नाव निवडताना कुठं कंस बरोबर निवडला गेला, कुठं नाही. काही दोन्ही तिरके, काही एक, काही एकही नाही.

---

जुळारीकाका

कंस सरळ. कंस मराठी वाक्याचा आहे, नावाचा नाही. आमच्याकडे तो रोमनच्या केसमधूनच उचलायचा, आणि इटॅलिकचं शेवटचं अक्षर त्याच्यावर डोकं आपटत असेल तर मध्ये कागदाएवढी पातळ स्पेस घालायची.

---

वायतुरा_सातारा

काकांशी सहमत. मी एकाच पानावर खूण केली कारण उरलेले तुम्हीच शोधाल अशी खात्री होती.

---

खणभाग_डीटीपी

शोधा-बदला करून बघितलं, दोन ठिकाणी भलतंच बदललं, म्हणून सोडलं. हातानं चाललंय. ६४ पानं, एकूण २३६ कंस, आता पान ३१ वर आहे. शेजारचा चहावाला म्हणतोय, मालक, आज काय शुद्धलेखन?